वेदिकाच्या नावानं

नाशकात कोण वर चढलं आणि कोण घसरलं, हे पेपरात यायच्या दोन दिवस आधी उज्वलाला कळायचं. मुंबई नाक्याजवळच्या फ्लेक्सच्या दुकानात ती नऊ वर्षं डिझाइन करत होती. गेल्या वाढदिवसाला ज्याचं तोंड टरबुजाएवढं होतं ते यंदा लिंबाएवढं आलं, की ती मनात म्हणायची, गेलं यांचं तिकीट. खालच्या रांगेतला एखादा शुभेच्छुक एकदम कोपऱ्यातून मधे सरकला, की समजायचं, सासऱ्याची जमीन विकली गेली.

दोन गिऱ्हाइकांचे फोटो मात्र तिला कधीच मिळाले नाहीत. मिळणारच नव्हते. ते कॅमेऱ्यासमोर बसले की फोटोत नुसती खुर्ची यायची, आणि खुर्चीला लटकलेली शाल. म्हणून सावळीरामदादांचा चेहरा तिनं एका जुन्या तैलचित्रावरून बेतला होता. नवनाथभाऊंचा चार माणसांचे तुकडे जोडून केला होता. कपाळ एका पहिलवानाचं, मिशी एका भाजीवाल्याची. दोघंही खूश होते. ज्याला आरशात काही दिसत नाही, त्याला दाखवाल तो चेहरा आवडतो.

शहर अशांना 'जागले' म्हणायचं. गावात रात्रभर पहारा करणारा तो जागल्या. त्याचा मान यांना फुकटात मिळाला होता, कारण खरा शब्द ओठांवर आला की लोक इकडेतिकडे बघून आवंढा गिळायचे. मेलेली, ऊन न सोसणारी, रक्तावर जगणारी माणसं ती. त्यांच्यातही दोन तट. सावळीरामदादांचे लोक नदीकडचे: प्लेगात मेलेले, फेटेवाले, घाटांवर आणि पंचवटीच्या मतांवर पिढीजात हक्क सांगणारे. नवनाथभाऊंचे हायवेकडचे: गेल्या तीस वर्षांत मेलेले, गॉगलवाले, अंबडपासून आडगावपर्यंतच्या नव्या वस्त्यांवर डोळा असलेले. कुठल्या गल्लीत दिवे लागावेत आणि कुठल्या गल्लीत लागू नयेत, यावरून दोघांत वर्षानुवर्षं जुंपलेली. निवडून येणारी जिवंत माणसं यांनीच उभी केलेली आणि यांनीच पाडलेली.

गळे मात्र ते धरत नसत. भलेपणानं नव्हे, हिसकावलेलं रक्त जागल्याला पचतच नाही. त्याच्या नावानं, राजीखुशीनं दिलेलंच लागतं. नैवेद्य ज्याच्या नावाचा, त्याचाच. यावर त्यांनी काढलेली तोड गावभर टांगलेली असायची: 'आपले लाडके दादा यांच्या वाढदिवसानिमित्त भव्य रक्तदान शिबिर'. देणाऱ्याला वाटायचं, अपघातातल्या कुणा बिचाऱ्याचा जीव वाचेल. पण मंडपाच्या तोंडावर नाव दादाचं, म्हणजे पिशवी दादाची. दादा वर्षातून सात वेळा जन्माला यायचे. भाऊ नऊ वेळा.

हे सगळं उज्वलाला ठाऊक होतं आणि नऊ वर्षं तिनं त्यावर अवाक्षर काढलं नव्हतं. कारण तिची वेदिकाही नऊ वर्षांचीच. थॅलेसेमिया. दर एकवीस दिवसांनी एक पिशवी, ओ निगेटिव्ह. दादा आणि भाऊ खाऊनपिऊन जे उरवत, त्यातली एक सोडून देत, तीवर पोर जगत होती.

मग निवडणूक लागली. निवडणुकीत माणसं लागतात आणि माणसांना जेवण लागतं, जागल्यांचंही तसंच. येवल्याहून, चांदवडहून पाहुणे जागले येऊन उतरले, आणि शहरात उरणं बंद झालं.

"फ्रिज उघडून दाखवू?" सोमवारी रक्तपेढीतली सविता म्हणाली. "भरलेलाय. पण बघ."

प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी. अर्ध्यांवर दादा, अर्ध्यांवर भाऊ.

"एक उचलून दे ना गं. कोण मोजतंय?"

"दिली असती, ताई. मागच्या महिन्यात एका बाईच्या लेकाला दिली. सुई टोचली, पिशवी उलटी टांगली, पण थेंब खाली उतरेना. ज्याच्या नावाची, त्यानं 'दिलं' म्हटल्याशिवाय ते हलतच नाही." सवितानं आवाज खाली आणला. "हिमोग्लोबिन किती आलंय?"

"चार पॉइंट सहा."

सवितानं फ्रिज बंद केला. मग म्हणाली, "शनिवारपर्यंत बघ."

उज्वलानं बोटं मोजली. सोमवार धरून सहा दिवस. नवरा ट्रकवर, इंदूरच्याही पुढे. त्याला फोन करून रडण्यापलीकडे काही होणार नव्हतं, आणि रडायला वेळ नव्हता.

दादा रात्री घाटाजवळच्या एका तळघरात बसत. त्यांनी तिला पाट दिला, पाणी दिलं, पोरीची चौकशी केली. "लेकराला द्यायलाच पाहिजे, बाई. फक्त एवढंच कर: नवनाथाच्या पुढच्या फ्लेक्सवर त्याचं तोंड जरा बिघडव. लोकांनी हसलं पाहिजे. हसले की दिली पिशवी."

"त्याला दहा दिवस आहेत, दादा. माझ्याकडे शनिवारपर्यंत आहे."

"मग दहा दिवस थांबव तिला," दादा अगदी मायेनं म्हणाले.

भाऊ दुसऱ्या रात्री पिंपळगावच्या रस्त्यावर, द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये भेटले. तिथे भर दुपारीही दिवस आत येत नाही. त्यांनी पाट वगैरे दिला नाही. "म्हाताऱ्याचा फेटा रंगवता ना तुम्ही, वहिनी? मग त्यालाच मागा." ती हात जोडून उभीच राहिली, तेव्हा म्हणाले, "बरं, त्याचा फेटा उडवा. मग बघू."

ती कुणाचाही फेटा उडवायला तयार होती. फेटाच काय, स्वतःचं मुंडकंही. पण दोघांनाही आधी काम हवं होतं.

बुधवारी संध्याकाळी दुकानात भलतंच घडलं. दादांच्या कारभारी भागुबाई आणि भाऊंचा पीए अमोल एकाच वेळी आत आले, आणि एकाच बाकावर बसले. दोघंही जिवंत, जागल्यांना दिवसाची कामं करायला जिवंत माणसं लागतात.

"युती झाली," अमोल म्हणाला. "यंदा दोघांनाही पाडणारे लोक उभे राहिलेत. शुक्रवारी एकत्र शिबिर. आजवरचं सर्वांत मोठं."

"वाढदिवस कुणाचा?" उज्वलानं कीबोर्डवर हात ठेवत विचारलं.

अमोल तोंड उघडणार, तोच भागुबाई पुढे सरकल्या.

"दादांचा," भागुबाई म्हणाल्या. "वडीलधारे आहेत."

"मावशी, दादांचा गेल्याच महिन्यात झाला."

"तुमच्या भाऊंचा तर त्याच्या आदल्या आठवड्यात झाला. केक आम्हीपण खाल्लाय."

रात्रीच्या जेवणाची वेळ टळून गेली तोवर सात प्रूफं झाली होती. दादांचा फोटो बोटभर खाली आहे. भाऊंची मिशी दादांच्या फेट्याला लागतेय. भागुबाईंनी पिशवीतून शिंप्याची टेप काढली आणि स्क्रीनवर दोन्ही तोंडं मोजली. अमोलनं ती परत मोजली. शेवटी ठरलं ते एवढंच: तोंडं सारखी, आणि मधली ओळ, 'यांच्या वाढदिवसानिमित्त'च्या आधीची, मोकळी. वर ठरलं की कळवू.

वर काही ठरलं नाही. गुरुवारी दुपारी भागुबाईंचा फोन आला. "उज्वला, ऐक. दादांचं नाव टाक नि गपचूप गुंडाळून ठेव. अमोलला प्रूफ दाखवायचं नाही, मलाही पाठवू नको, त्याची नजर असते माझ्या फोनवर. पोरीची पिशवी माझ्याकडे लागली."

वीस मिनिटांनी अमोल. "वहिनी, भाऊंचं नाव टाका. म्हातारीला कळता कामा नये. प्रूफबिफ काही पाठवू नका. पिशवीचं मी बघतो."

उज्वला खुर्चीत मागे टेकली. दोन दिवसांपूर्वी यातल्या एका फोनसाठी ती पाया पडली असती.

पण कोण चढेल, कोण पडेल याचा अंदाज बांधण्यात तिनं नऊ वर्षं घालवली होती. दादांचं नाव टाकलं तर भाऊ जन्माचे वैरी. भाऊंचं टाकलं तर दादा. पिशवी मिळाली, मिळालीच, तरी एक पिशवी म्हणजे एकवीस दिवस. बाविसाव्या दिवशी पुन्हा कुणाच्या तळघरात जाऊन पाटावर बसायचं? आणि वेदिकाच्या वॉर्डात तसलीच आणखी अकरा पोरं होती. त्यांच्या आयांना तर फ्लेक्सही करता येत नव्हतं.

दोन्हीकडून प्रूफ नको म्हणून सांगितलेलं. म्हणजे हे फ्लेक्स टांगेपर्यंत कुणी बघणार नव्हतं.

फसलं तर? नावाचा नियम जागल्यांपुरताच असला आणि साध्या पोरीच्या नावाला लागूच झाला नाही, तर शनिवारी पिशवीही नाही आणि शहरात उभं राहायला जागाही नाही. 'वेदिका' टाइप करताना तिला वेलांटी दोनदा खोडावी लागली.

शुक्रवारी सकाळी साताला कामगारांनी फ्लेक्स चढवलं. दादा आणि भाऊ, तोंडं सारखी, आणि मधे लाल अक्षरांत: 'चि. वेदिका हिच्या वाढदिवसानिमित्त'.

भागुबाईंचा जबडा उघडला आणि तसाच राहिला. अमोलच्या हातातला चहा बुटावर सांडला. ओरडायचं कुणी? 'दादांचं नाव कुठंय' म्हणावं तर चोरी उघडी. 'भाऊंचं नाव कुठंय' म्हणावं तर तीच गत. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांनाही वाटलं, हा समोरच्याचाच डाव, कोण ही वेदिका, त्याची भाची असणार.

"छान झालंय," भागुबाई म्हणाल्या.

"एक नंबर," अमोल म्हणाला.

मालकांना विचारावं तर ते दिवस बुडेपर्यंत मेलेले. आणि फाटकाबाहेर रांग लागली होती. पिशवीमागे मिक्सर देणार होते. एक म्हातारा बोर्ड वाचून म्हणाला, "पोरीचा वाढदिवस हाय व्हय? मंग देतो. ह्या बाप्यांसाठी लय येळा दिलं." आडवं होता होता लोक विचारत होते, किती वर्षांची झाली? उज्वला प्रत्येकाला सांगत होती, दहाची. दहा पूर्ण व्हायला अजून चार महिने होते.

चारशे बारा पिशव्या. त्यात ओ निगेटिव्ह अकरा.

शनिवारी दुपारी तपासण्या उरकल्या. वेदिकाचे ओठ कागदासारखे झाले होते. सवितानं पिशवी टांगली, नळी जोडली आणि मागे सरकली. उज्वलानं डोळे मिटून घेतले. तिला देव आठवेना, मंत्र आठवेना. फक्त ते लाल अक्षरांतलं नाव दिसत होतं.

"ताई," सविता म्हणाली.

नळीतून रक्त आपण होऊन धावत होतं. कुणी 'दिलं' म्हणायची वाट न बघता, घरच्या वाटेला लागलेल्या गुरासारखं.

दिवेलागणीला ते आले. दोघंही एकत्र, वॉर्डाच्या उंबऱ्याबाहेर. बोलावल्याशिवाय आत येता येत नव्हतं आणि कुणी बोलावत नव्हतं. दादांचा फेटा ढिला झाला होता. भाऊंनी गॉगल काढला होता. डोळे खोल गेलेले.

"वहिनी, चांदवडची माणसं दोन दिवस उपाशी आहेत," भाऊ म्हणाले. "साठा संपला. पचत नसलं तरी नियम मोडून कुणी रस्त्यावर उतरलं तर माझ्या हातात नाही."

"पस्तीस दिवसांत नासेल सगळं," दादा म्हणाले. "एवढं एकट्या लेकराला संपणार आहे का? नाव तिचं आहे. तिनं 'दिलं' म्हटलं की झालं."

उज्वला उंबऱ्यावर आडवी उभी राहिली. हे खरं होतं, नासणार होतं. आणि ती भूक शहरात कुणाच्या तरी दारात जाऊन उभी राहील, हेही खरं होतं.

"आधी वॉर्डातली पोरं," ती म्हणाली. "मग गावातल्या सगळ्या दवाखान्यांत जे अडलेत ते. त्यातून उरलं तर तुम्ही."

"आणि पुढच्या वेळी?" भाऊंनी विचारलं. "एकवीस दिवसांनी काय करणार?"

"एकवीस दिवसांनी तिचा वाढदिवस आहे."

"कालच झाला ना?"

"परत येईल."

भाऊ हसले नाहीत. दादांनी ढिला फेटा सावरला. मग हळू म्हणाले, "मीही असाच सुरू झालो होतो, बाई. प्लेगात. माझं लेकरू होतं पाच वर्षांचं, त्याच्या नावानं मागत फिरलो."

उज्वलानं पाठ फिरवली आणि सवितानं लिहून दिलेली नावांची यादी घेऊन वेदिकाच्या कॉटवर बसली.

"म्हण बाळा. रुद्र."

"रुद्रला दिलं," वेदिका म्हणाली. पलीकडच्या कॉटवर टांगलेल्या पिशवीतून पहिला थेंब सुटला.

"ललित."

"ललितला दिलं." तिला धाप लागली. "मम्मी, ते बाहेरचे काका कितवे आहेत?"

उज्वलानं यादी उलटून पाहिली. मागचंही पान भरलेलं होतं.

"लांब आहेत," ती म्हणाली. "पाणी पी, मग पुढचं नाव घेऊ."