शुक्रवारच्या तीन बादल्या

चपला दाराशी काढा आणि खुशाल आत या. मी या दिवाणखान्यातली सागवानी जमीन बोलतेय. पिंपरीच्या कारखान्याने अधिकाऱ्यांसाठी घेतलेल्या या जुन्या बंगल्यात शहाबादी फरशी पुष्कळ आहे; सागाची मी एकटीच.

मला बसवलं ज्योतीराम सुतारांनी. प्रत्येक फळीच्या एका कडेला खोबण, दुसऱ्या कडेला तिच्यात घट्ट बसणारी जीभ. पावसाळ्यात लाकडाचं अंग भरतं म्हणून त्यांनी भिंतीलगत बोटभर फट सोडली आणि वर पट्टी मारली. असं काम झाल्यावर मी ताठ का असू नये?

१९५५ साली दौलतराव सोलापूरहून कारखान्यात आले आणि हा बंगला त्यांना मिळाला. त्यांच्या पत्नी सावित्रीबाई फार स्वच्छतेच्या. माहेरी दर शुक्रवारी फरशी धुऊन काढायची पद्धत; तीच त्यांनी मला लावली. तीन बादल्या पाणी आणि खराटा.

पाणी ओतायचं काम सोजराबाईंचं. त्या पिंपरी गावातल्याच. शेत कारखान्याच्या आवारात गेलं, तेव्हापासून त्यांची चूल याच कामावर पेटायची. पहिल्याच शुक्रवारी त्या म्हणाल्या, "बाईसाहेब, म्हशीवानी धुताय व्हय लाकडाला?" सावित्रीबाई हसल्या आणि सांगितलं तेवढं करा म्हणाल्या. सोजराबाईंनी पुन्हा विषय काढला नाही.

थोडं पाणी मी सोसते. पण सांध्यांतून मुरलेलं पाणी वाळायच्या आत पुढचा शुक्रवार यायचा. दुसऱ्या पावसाळ्यात माझ्या फळ्यांच्या कडा उचलल्या आणि प्रत्येक फळी पन्हळीसारखी झाली.

एका सकाळी अशाच उचललेल्या कडेवर दौलतरावांचा अंगठा ठेचला. घर कारखान्याचं, जाब त्यांना द्यावा लागणार. त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं, की मला उखडून शहाबादी टाकायची आणि पाणी ओतणाऱ्या बाईला उद्यापासून येऊ द्यायचं नाही.

सोजराबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली नाही, पण बाईसाहेबांचं नावही घेतलं नाही.

सावित्रीबाई कोरडेच हात पदराला पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, पाणी मी ओतायला लावलं. त्या पहिल्याच दिवशी नको म्हणाल्या होत्या."

दौलतरावांनी वाकून उचललेली कड चाचपली. मग त्यांनी सोजराबाईंनाच विचारलं, आता काय करायचं.

"आमी बैलगाडीला त्याल पाजतो साहेब, पानी न्हाई. तीस वर्सं टिकली आमची गाडी. हिला आधी वाळू द्या. तवर उखडायची घाई करू नगा."

पाऊस सरला तशा खिडक्या उघड्या राहू लागल्या. ऑक्टोबरच्या उन्हात माझ्या कडा हळूहळू बसल्या. दिवाळी झाल्यावर सोजराबाईंनी चिंचवडच्या घाण्यावरून जवसाचं तेल आणलं. दोघी गुडघ्यांवर बसून लाकडाच्या रेषांच्या दिशेने तेलाचं फडकं फिरवू लागल्या. सावित्रीबाईंनी एका जागी तेलाची धारच धरली, तेव्हा सोजराबाई म्हणाल्या, "भजी तळायची न्हाईत, बाईसाहेब." सावित्रीबाई इतक्या हसल्या, की तेल मांडीवर सांडलं. जास्तीचं तेल कोरड्या फडक्याने टिपून घेतलं आणि तीन दिवस माझ्यावर कुणी पाऊल टाकलं नाही.

त्याला आता तीन वर्षं झाली. खिडकीजवळच्या दोन फळ्या थोड्या उंचच राहिल्या आहेत. बाकीची मी आरशासारखी. रोज केरसुणी, कधी घट्ट पिळलेलं फडकं, वर्षातून एकदा तेल. एवढ्यावर मी तुमची नातवंडंही खेळवीन.

गेल्या आठवड्यात दौलतरावांची बदली झाली. सामान गेलं, आणि नव्या साहेबांच्या बाई घर बघायला आल्या. जमीन कशाने धुता, त्यांनी विचारलं. सावित्रीबाई स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या, सोजराबाईंना हाताला धरून पुढे आणलं आणि म्हणाल्या, "ते यांना विचारा. आणि या सांगतील ते ऐका."