दुपारनंतरचं पाणी

दुपारी एक वाजला की काजवाली माठावर झाकण ठेवायची आणि झाकणावर कात्र्यांचा जड डबा. त्यानंतर घरातल्या बायकांना पाणी बंद! तीस वर्षांचा नेम होता तिचा. शर्टांना काज करता करता डोळे अधू झाले, पाठ वाकली, पण हा नेम काही चुकला नाही.

त्या दिवशी सुनेने डब्याला हात लावला. सातवा महिना होता तिला.

"अगं अगं, एक वाजून गेला!"

"घसा सुकलाय हो आई. अर्धंच भांडं."

"अर्धं भांडं पिशील आणि चार वाजता जाशील कुठे? खाली रांग बघितलीस का? ओठ ओले कर आणि ठेव. मीही पोटुशी असताना हेच केलं. अंथरूण पाहून पाय पसरावेत आणि रांग पाहून पाणी प्यावं."

सून हसली, ओठ ओले केले आणि पुन्हा सुई हातात घेतली. गुणाची पोर! शेजारणींपुढे तिचं कौतुक करताना सासू थकत नसे. "माझी सून सकाळी एकदा खाली उतरते, ती थेट दुसऱ्या सकाळी. मधे नाव नाही."

कौतुक म्हणे! इमारत बांधली तेव्हा सोळा खोल्या होत्या आणि अंगणात चार संडास. मग शहर फुगत गेलं. ज्याचं गावी पोट भरेना तो इथे आला. एकेका खोलीच्या तीन झाल्या, जिन्याखाली बिऱ्हाड थाटलं, गच्चीवर पत्रे चढले. माणसं चारशेवर गेली. संडास मात्र चारच, त्यातल्या दोहोंना दारं नाहीत. पुरुषांनी भिंतीचे आडोसे शोधले. बायकांनी तहान मारली, सासवांनी सुनांना ती मारायला शिकवली आणि त्याला चांगलं वळण म्हटलं.

काजवालीचा मुलगा रंगारी होता, नव्या उंच इमारतींत भिंती रंगवायचा. "एकेका घरात तीन-तीन न्हाणीघरं, आई," तो सांगायचा, "आणि राहायला अजून कुणी आलेलंच नाही." मायलेकरं यावर हसायची. हसणार नाहीत तर काय करतील?

आठवड्याने सुनेची कंबर धरली. बसून बसून धरली असेल, असं काजवालीला वाटलं. तिने तेल चोळलं, शेक दिला. लघवीला आग होते, हे पोरीने लाजेकाजेस्तव सांगितलंच नाही. तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरून तिचे दात वाजायला लागले, तेव्हा रंगाऱ्याने बायकोला उचलून तीन जिने खाली नेलं.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ही रोज पाणी किती पिते?"

काजवाली पुढे झाली. "त्या बाबतीत बोलायलाच नको, बाई. दिवसाकाठी दोन भांडी. फार शिस्तीची आहे."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "ही शिस्त लावली कुणी?"

"मी," काजवाली म्हणाली, आणि तोवर तिच्या आवाजात अभिमानच होता.

मग डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. पाणी प्यायचं नाही, लघवी तासन्‌तास दाबून धरायची. त्यातून जंतू वर चढत मूत्रपिंडापर्यंत गेले होते. तो ताप पोटातल्या बाळाला सोसला नाही. संध्याकाळपर्यंत सून कशीबशी वाचली. नात जन्मली ती न रडताच, दोन ओंजळींत मावेल एवढी.

काजवालीने भिंतीवर कपाळ आपटून घेतलं. "मी मारली गं बाई माझ्या नातीला! या हातांनी झाकण ठेवत होते मी!"

"तुमच्या आळीतली या महिन्यातली ही चौथी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या फार दमलेल्या होत्या. "चौघींच्याही घरी हीच शिस्त आहे."

महिन्याभराने काजवाली नगरपालिकेच्या कचेरीत गेली. बरोबर अकरा बायका, अशक्त झालेली सून आणि भरलेला माठ.

कारकुनाने नोंदवही उघडून दाखवली. "तुमची इमारत ऐंशी माणसांची. ऐंशी माणसांना चार संडास पुरतात."

"मग बाकीच्या आम्ही कोण? भुतं?"

"वाढलेली माणसं आमच्या कागदावर नाहीत, बाई."

काजवालीने माठ त्याच्या टेबलासमोर ठेवला, झाकण काढलं आणि ती भांडंभर पाणी घटाघटा प्याली. मग दुसरं. एकेक बाई पुढे होऊन पिऊ लागली.

"अहो, इथे काय पाणपोई उघडलीत?"

"उघडली. आता आम्ही इथेच बसणार. तासाभरात आम्हा तेराही जणींना जावं लागेल. कुठे जायचं, ते तुमच्या वहीत बघून सांगा."

कारकुनाची नजर नकळत आतल्या भिंतीकडे गेली. तिथे खिळ्याला साहेबांच्या शौचालयाची किल्ली लटकत होती. बायकांनीही ती पाहिली.

सुनेची पाळी आली. तिने भांड्यासाठी हात पुढे केला, तेवढ्यात तिचं लक्ष घड्याळाकडे गेलं. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. सवयीने तिचा हात मागे आला.

काजवालीला हुंदका फुटला. तिने भांडं काठोकाठ भरलं आणि स्वतःच्या हाताने सुनेच्या ओठांना लावलं.

"पी माझ्या बाये," ती म्हणाली. "सगळं पी."