मागाखालचा दीड दिवस

करडी गावचा धनीराम फौजेतून लंगडत परत आला, तेव्हा त्याच्या पेटीत लाल-काळ्या काठाच्या गमछ्याचा हातभर तुकडा होता. एकाहत्तरच्या लढाईत, आता ज्याला बांगलादेश म्हणतात तिथे, त्याच्या मांडीत गोळी शिरली होती. तुकडी पुढे निघून गेली आणि एका विणकराने त्याला आपल्या मागाखालच्या खड्ड्यात लपवलं. जखमेला हाच गमछा बांधला. अंगणातून शत्रूचे शिपाई ये-जा करत होते. वर दीड दिवस माग चालू राहिला, पायाने दाबायच्या पावड्या धनीरामच्या छातीला घासत राहिल्या. मग आपली फौज आली आणि तापात बेशुद्ध पडलेल्या धनीरामला उचलून घेऊन गेली. विणकराचं नाव त्याला माहीत नव्हतं, गावाचंही नाही.

दोन वर्षं तो यावर कोणाशी बोलला नाही. मग एका सकाळी त्याने तो तुकडा मोहाडीच्या सेवकरामला दाखवला. सेवकराम शाळेपासूनचा मित्र. घरी पिढ्यान्‌पिढ्या हातमाग. त्याने कापड उजेडाकडे धरलं, बोटांनी मोजलं.

"माणसाचं नाव नसन, पण कापडाले ओळख असते," तो म्हणाला. "डाव्या काठापासून तीन बोटं सोड. ही उभी रेघ पाह्य, विरळ हाय. त्याच्या मागाच्या फणीचा एक दात मोडला हाय. मी शोधतो तुले तो माग."

त्यांचा तिसरा मित्र खुशाल करडीचाच, धानाचा शेतकरी. दोघं जाणार म्हटल्यावर तो मागे राहणार नव्हता. पासपोर्ट आणि व्हिसा हातात पडायला आठ महिने गेले. धनीरामजवळ पाठीवर घ्यायचा फौजेचा पिट्ठू होता; त्याच मापाचे दोन पिट्ठू मोहाडीच्या शिंप्याने ताडपत्रीचे शिवून दिले. धानाची मळणी उरकली आणि तिघं तुमसर रोड स्टेशनवर हावड्याच्या गाडीत चढले.

सीमा ओलांडल्यावर ते बहुतेक पायीच चालले. कोसळलेले पूल बांबूंनी जोडलेले होते. एका शाळेच्या भिंतीवर गोळ्यांची भोकं तशीच होती आणि त्याच भिंतीला टेकून मुलं पाढे म्हणत होती. लोक विचारायचे, कुठले, कशाला आलात? खुशाल मोडक्या हिंदीत सगळं सांगायचा, आणि कुठे ना कुठे भात आणि झोपायला ओसरी मिळायची. धनीराम मात्र प्रत्येक काठावर थांबायचा. प्रत्येक नदी त्याला, गोळी लागली होती तिथलीच वाटायची.

सेवकराम गावं शोधतच नव्हता. तो आठवडी बाजारात सूत विकणाऱ्यांकडे जायचा आणि तुकडा पुढे ठेवायचा. चौथ्या बाजारात एका म्हाताऱ्या विणकराने काठावरून बोट फिरवलं आणि नदीपलीकडच्या एका वस्तीचं नाव सांगितलं. असा काठ तिथेच होतो, म्हणाला.

वस्तीत अकरा माग होते. सेवकरामने प्रत्येक घरी अर्धवट विणलेलं कापड पाहिलं. सातव्या घरी तो वाकला, तीन बोटं मोजली आणि धनीरामकडे वळून नुसती मान डोलावली.

मागावर तिशीची एक बाई बसली होती. तिचं नाव रहिमा. तिचा दीर कासिम कलकत्त्याच्या तागाच्या गिरणीत राहून आलेला, त्याला हिंदी येत होती. धनीरामने त्याला विणकराबद्दल विचारलं. त्याचे पाय धरायला आलो आहे, म्हणाला.

कासिमने ते तिला सांगितलं. तिने धोटा बाजूला ठेवला. मग सांगू लागली. तिचा नवरा हाकिम पहिला दिवसभर मागावर होता. दुसऱ्या सकाळी माघार घेणारे शिपाई पेट्या वाहायला वस्तीतले सहा पुरुष घेऊन गेले, त्यात तोही होता. सहांपैकी एकही परतला नाही. त्याला अंगणातून ओढून नेलं तेव्हा ती दारात होती.

"माग थांबला असता तर मागे राहिलेले शिपाई आत आले असते," कासिमने तिचं बोलणं सांगितलं. "म्हणून ती जाऊन बसली."

त्या दुपारी फौज येईपर्यंत ती विणत होती.

धनीराम खाली बसला. "मले वाटे, दुसऱ्या दिवशी पावड्या हलक्या लागल्या त्या तापानंच," तो मराठीतच म्हणाला. पुढे सरकून त्याने तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिने पाय मागे घेतले नाहीत.

थोड्या वेळाने तिने एकच गोष्ट विचारली. तो पूर्ण दिवस हाकिम तुझ्या डोक्यावर होता. काही बोलला का?

धनीराम डोळे मिटून आठवत राहिला. मग एकेक सांगू लागला. खोकला आला की पावडी खालून ढकल, मी मागाचा हात्या जोरात ठोकतो, म्हणजे बाहेर ऐकू जाणार नाही, असं हाकिमने त्याला मोडक्या हिंदीत समजावलं होतं. दुपारी भाताचा गोळा खाली सोडला होता. आणि एकदा हसत म्हणाला होता, "आज हे कापड खराब होतंय. माझी बायको पाहील तर उसवून टाकील. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे."

कासिमने हे सांगितलं, तशी ती पदर तोंडावर घेऊन रडली, आणि रडता रडता हसलीही. ते कापड तिने खरंच उसवलं होतं, म्हणाली.

तिघं तिथे चार दिवस राहिले. कासिमचं धान अजून उभं होतं. खुशालने त्याच्या हातातला विळा घेतला तेव्हा कासिम संकोचला. "धान कापाले भाषा कायले लागते?" म्हणत खुशाल शेताच्या बांधीत उतरला आणि दुपारपर्यंत सगळ्यांच्या पुढे निघून गेला. सेवकराम मागावर बसला. रहिमाने त्याचं विणणं पाहिलं आणि हात जड आहे असं सांगून त्याला उठवलं. मोहाडीत असं त्याला कोणी म्हटलं नव्हतं. त्याने ते मान्य केलं.

निघायच्या सकाळी रहिमा कासिमसोबत नदीपर्यंत आली. होडीत चढताना धनीरामने तिला आपलं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गावाचंही सांगितलं. तिने तिन्ही नावं दोनदा म्हणून पाहिली. मग होडी सुटली आणि ती नावं आताच लिहून ठेव असं कासिमला सांगत, झपझप पावलं टाकत वस्तीकडे निघाली.