बावीस मिनिटांची झोप

मुंगीला झोपवायचं म्हणजे तिच्या शेजारी आडवं व्हावं लागतं. नुसतं आडवं होऊन भागत नाही. माझं एक बोट तिच्या मुठीत द्यावं लागतं आणि मूठ सैल पडेपर्यंत श्वाससुद्धा तिच्याच तालात घ्यावा लागतो. माझी ही लेक सात महिन्यांची आहे. सकाळी दहाला झोपते आणि दुपारी दोनला. रात्री तासातासाला उठते. बाकीच्या वेळेला आमच्या घरात वेळ म्हणत नाहीत.

या दोन झोपांमध्ये मला कॉम्प्युटर उभा करायचा होता.

मी घरांचे नकाशे काढते. माझी रजा संपत आली होती आणि ऑफिसच्या मॅडमनी एक संधी दिली होती. सोमवारी अकराच्या आत एका घराचा पूर्ण नकाशा घरून काढून पाठवायचा. जमलं तर पुढेही घरूनच काम. नाही जमलं तर रोज नऊ ते सहा ऑफिस आणि मुंगी पाळणाघरात. "तेही नको असेल तर तुझी खुर्ची दुसरीला देईन. रागावून नाही, पण देईन," असं त्या म्हणाल्या होत्या. मुंगी अजून बाटली तोंडात धरत नव्हती. पाळणाघर नुसतं बघायला गेले तेव्हाही ती माझ्या केसांना धरून बसली होती.

दादाने त्याचा जुना कॉम्प्युटर पाठवला. तो एका कॉलेजच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीचंच काम करतो. काळा, गुडघ्याएवढा उंच डबा, पुढे निळ्या दिव्याचं बटण. नकाशांचं सॉफ्टवेअर त्यातल्या जुन्या सिस्टिमवर चालणार नव्हतं, म्हणून नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची होती. ती एका पेनड्राइव्हमध्ये भरून त्याने सोबत चिठ्ठी ठेवली होती: "लाव, चालू कर, 'पुढे' दाबत राहा. पाऊण तास. माकडही करेल."

मुंगीचा बाबा त्या आठवड्यात कामासाठी परगावी होता. घरात मी, मुंगी आणि सासूबाई. सासूबाई महिन्यापूर्वी आमच्याकडे राहायला आल्या होत्या. बोलायच्या कमी. आम्ही दोघी एकमेकींशी शेजारच्या खोल्या भाड्याने घेतल्यासारख्या वागायचो. माझ्या कामाबद्दल त्या एकदाच बोलल्या होत्या, "लोकांची घरं काढतेस. बरंय." हे कौतुक होतं की टोमणा, ते मला अजून कळलेलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी मी 'पुढे' दाबलं. डब्यातला पंखा गिरणीसारखा घरघरायला लागला. मुंगीच्या पापण्या थरथरल्या, पण ती उठली नाही. मी तिच्याजवळ आडवी झाले. पडद्यावर टक्के चढत होते. सात, नऊ, बारा. सात महिन्यांची झोप माझ्या अंगात साठून होती. एवढं निमित्त तिला पुरलं.

स्वप्नात मी एका घराचा जिना काढत होते. प्रत्येक पायरीवर आकडा लिहिलेला. मी पेन्सिलीने पायरी काढायची आणि लगेच तिच्यावर पाय ठेवून वर चढायचं. खालून घरघर ऐकू येत होती. मी जसजशी वर जात होते, तसतशी ती लांब, मऊ होत गेली, जणू कोणी तिच्यावर बर्फ पसरत होतं. मग ती थांबलीच. पुढची पायरी नव्हती.

जाग आली ती त्या शांततेनेच. घड्याळात दहा बत्तीस. बोट अजून मुठीत होतं, ते सोडवायला आणखी काही क्षण गेले. उठून बघते तर पडदा काळा आणि निळा दिवा विझलेला.

"मेलं?" दादाने फोनवर विचारलं.

"मेलं."

"किती टक्क्यांवर?"

"मला डोळा लागला होता."

"वा. रुग्ण ऑपरेशन टेबलावर आणि डॉक्टरीणबाई घोरतायत."

"तू ये आणि हिला सांभाळ, मग मी जागी राहते."

"बरं बरं. मेमरीच्या दोन पट्ट्या आहेत बघ आत. एक काढ आणि एकीवर चालव. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे चोर सापडतो."

हे मला शिकवायची गरज नव्हती. मुंगी रडायला लागली की मी तेच करते. आधी लंगोट बघायचा, मग दूध, मग पोट, मग खांद्यावर घेऊन फेऱ्या. सगळं एकदम केलं तर कशाने थांबली ते कळत नाही.

दुपारच्या झोपेत एक पट्टी काढून चालवलं. बंद. शुक्रवारी सकाळी ती लावून दुसरी काढली. बंद. दरवेळी मी झोपेत असायचे, दरवेळी आवाज आधी लांब जायचा आणि मग तुटायचा. अर्ध्या झोपेत एकदा वाटलं, खोलीत कोणीतरी हलक्या पावलांनी फिरतंय. पांढरं काहीतरी हवेत उलगडलं आणि खाली आलं. झोपेला स्वतःचे पाय असतात, असं समजून मी कूस बदलली.

"टक्के राहू देत," शुक्रवारी दादा म्हणाला. "वेळ सांग. चालू केल्यापासून किती मिनिटांनी?"

मी घड्याळ पाहिलेलं होतं. "बावीस. मग चोवीस. आज परत बावीस."

त्याने आकडे मनाशी पुटपुटले. "म्हणजे मेमरी नाही. वेळेवर मरतंय म्हणजे तापतंय. तापलं की ते स्वतःलाच बंद करतं, जळू नये म्हणून. आत धूळ असेल. मऊ ब्रश आहे का?"

घरात एकच मऊ ब्रश होता, मुंगीच्या केसांचा. तो घेऊन मी डब्याच्या आत शिरले. पंख्याच्या पात्यांवरची राखाडी मऊ धूळ निघत गेली. जावळासारखी. मुंगी मांडीवर बसून निळ्या बटणाकडे झेपावत होती. ती जागी असताना कॉम्प्युटर चालू ठेवता येत नव्हता तो याचमुळे. बोट पोचलं की खेळ खलास.

दुपारी पुन्हा बावीस मिनिटं.

शनिवारी सकाळी मी ठरवून जागी राहिले. सासूबाई भाजी आणायला गेल्या होत्या. मी बसून राहिले, डोळे पडद्यावर, बोट मुंगीच्या मुठीत. पण त्या दिवशी घरघर लांब गेलीच नाही. उघडी, कर्कश, डोक्यात शिरणारी. आठव्या मिनिटाला मुंगी दचकून उठली आणि ओठ काढून अशी रडली की मीच वायर ओढली. चोर सापडणं राहिलं बाजूला, पोरीची झोपही गेली.

तेव्हा एक वाईट विचार मनात आला. मी झोपते तेव्हाच हे बंद पडतं आणि घरात जागं एकच माणूस असतं. त्यांना सून घरी बसलेलीच हवी असेल तर? विचार आला आणि माझी मलाच लाज वाटली. पण तो गेला नाही. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी कॉम्प्युटर चालू करून आडवी होताना मी डोळे मिटले नाहीत. मिटले नाहीत असं मला वाटलं.

आवाज लांब गेला. पायऱ्या आल्या. पांढरं काहीतरी उलगडलं. शांतता.

उठले. दोन चौतीस. पडदा काळा. तेवढ्यात मुंगीने झोपेतच दूध ओकलं, म्हणून मी कपाटाशेजारच्या चळतीतलं सगळ्यात वरचं दुपटं ओढलं.

ते ऊबदार होतं.

तीन दिवस आभाळ गच्च होतं. दोरीवरचे कपडे वाळायचं नाव घेत नव्हते, चळतीतली बाकीची दुपटी गारढोण होती. आणि हे असं, जणू आत्ताच कोणाच्या अंगावरून काढलंय. मी ते गालाला लावलं. साबणाचा वास, आणि त्याखाली तापलेल्या धुळीचा. तशीच गाल टेकून मी किती वेळ उभी राहिले कोण जाणे.

मुंगीचं तोंड दुसऱ्या दुपट्याने पुसलं आणि हे घेऊन स्वयंपाकघरात गेले. सासूबाई कप विसळत होत्या.

"आई, हे तुम्ही कॉम्प्युटरवर घालता?"

"मग काय करू? केवढं ओरडतं ते. पोरीच्या पापण्या फडफडतात. तुझा डोळा लागला की घालते, चांगलं चारी बाजूंनी खोचून. ते शांत झोपलं की काढून घडी करते."

"ते झोपत नाही, आई. मरतं."

"म्हणजे?"

"त्याला मागून वारा लागतो. तोंड दाबलं की गुदमरतं."

त्यांनी कप खाली ठेवला आणि स्टुलावर बसल्या. ओले हात मांडीवर तसेच. "म्हणजे तीन दिवस ते मीच..."

मला हसू येत होतं आणि रडूही.

"मला वाटलं, पोर शांत झोपली तर तुझं काम होईल," त्या म्हणाल्या. "तूही किती वाळलीयस. जरा पडशील."

"मग मला सांगायचं तरी."

"तू कुठे विचारलंस? तीन दिवस भावाला फोन चाललेत. घरात मी आहे की."

मनात आलेल्या त्या विचाराची मी गाठ मारून ठेवली, ती कधी सोडायची नाही अशी. मी दुपटं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी त्याला हात पुसले.

"पण झाकलं नाही तर ही उठणार," मी म्हटलं. "आणि झाकलं तर ते मरणार."

"उद्या दहाला मी घेते तिला. खाली झाडांत फिरवते. खांद्यावर झोपेल."

"ती माझ्याशिवाय झोपत नाही, आई."

"हे तू तिला सांगून ठेवलंयस का?"

रविवारी दहाला दोघी खाली गेल्या. दार लागलं आणि घर एकदम मोठं झालं. मी 'पुढे' दाबलं. डबा घरघरायला लागला आणि मी त्याच्यासमोर खुर्चीत बसले, दोन्ही हात मोकळे. मोकळ्या हातांचं काय करतात ते मी विसरले होते. बोट उगाचच वाकत होतं, सरळ होत होतं.

बाविसावं मिनिट आलं. तेविसावं आलं. मी डब्याच्या पाठीशी तळहात धरला. झरोक्यातून गरम वारा येत होता, सलग, न अडता. एकोणसत्तर टक्के. सत्तर. पडदा एकदा काळा झाला तेव्हा माझा हात फोनकडे गेला, पण ते नुसतं स्वतःहून पुन्हा सुरू होत होतं. मग फिकट निळा उजेड आला, आणि तो राहिला.

त्याच क्षणी छातीत दूध भरून आलं. मी खिडकीशी धावले.

खाली झाडांच्या ओळीतून सासूबाई चालत होत्या, संथ. मुंगीचा गाल त्यांच्या खांद्यावर चपटा झाला होता आणि एक हात त्यांच्या पाठीवर सैल लोंबत होता. मूठ उघडी. तिच्या मुठीत कोणाचंच बोट नव्हतं. ती झोपली होती, माझ्याशिवाय, भर सकाळी, उघड्या आभाळाखाली. मला आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण रस्ता चुकल्यासारखा, जरा उशिरा. सासूबाईंनी वर पाहिलं. हसल्या नाहीत. कोंबड्या हाकलाव्यात तसा हात हलवला: जा, आत जा, काम कर.

मी आत आले, नकाशांचं सॉफ्टवेअर चढवलं आणि पहिली भिंत काढली.

दुपारच्या झोपेतही त्याच तिला खाली घेऊन गेल्या. रात्रीपर्यंत दोन्ही मजले झाले, सोमवारी सकाळच्या झोपेत जिना. दहा चाळीसला नकाशा गेला. अकराच्या ठोक्याला त्याच्या छापील प्रतीचा फोटो परत आला, त्यावर लाल पेनाची तीन वर्तुळं. मॅडमचं अक्षर तसंच तिरकं. "बाथरूमचं दार उलटं उघडतंय. खिडकी फार खाली. जिन्याला शेवटची पायरी कमी. चारपर्यंत दुरुस्त करून दे. उद्याचं घर संध्याकाळी पाठवते."

मी ते दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा, फक्त शेवटचं वाक्य.

"आई," मी हाक मारली, "आज दोनलाही न्याल का हिला खाली?"

"ओरडली का तुझी मॅडम?"

"तीन चुका काढल्यात. आणि उद्याचं काम देणार आहे."

"मग टोपी दे हिची. वारा सुटलाय."