उशिरा टेकलेला स्टेथोस्कोप

मी एक जुना स्टेथोस्कोप आहे, रेवदंड्याच्या रामचंद्र डॉक्टरांचा. मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणायचं माझ्या अगदी जिवावर येतं. माणसांबद्दल माझं मत फारसं बरं नाही, आणि ते का, हे आज सांगूनच टाकतो.

डॉक्टरांनी मला १९४८ साली मुंबईहून आणलं. काळी रबरी नळी, चकचकीत चकती. पहिली दहा वर्षं त्यांनी माझं सोनं केलं. खोकणारा म्हातारा असो की बाळंतीण, आधी मी छातीवर, मग औषध. पुढे दवाखान्यात गर्दी वाढली आणि डॉक्टरांना नुसती तोंडं बघून रोग कळायला लागले. मी गळ्यातला दागिना झालो. दसऱ्याला मात्र मला पुसून पाटावर ठेवायचे आणि झेंडू वाहायचे. त्या झेंडूचा मला संताप यायचा.

१९६१ च्या थंडीत केसर कोळीण आपल्या नऊ वर्षांच्या नलूला घेऊन आली.

"डाक्टर, ही येका जागी टिकत न्हाय. मास्तर म्हनतो, शाळंतनं नाव काढीन."

अशा मुलांसाठी मुंबईहून एक नवी गोळी आली होती. "रोज सकाळी अर्धी," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. नलूची छाती माझ्यापासून वीतभर लांब होती. मला कुणी उचललं नाही.

गोळी वाईट नव्हती, हे मी कबूल करतो. नलूने जन्मात पहिल्यांदा गणितांचं पान पुरं केलं. पण हृदयाचे ठोके, घाम, भूक, डोळ्यांच्या बाहुल्या हा सगळा कारभार शरीर आपल्याला न विचारता चालवतं. त्यासाठी नसांच्या दोन फळ्या असतात. एक फळी पळायला, झगडायला तयार करते. दुसरी निवांत करते, खाल्लेलं पचवते. ही गोळी पहिल्या फळीला चेव आणते. ठोके वाढतात, तोंड सुकतं, भूक मरते. पोर बाहेरून शांत बसलेली दिसते आणि आतून धावत असते. केसरला हे कुणी सांगायचं होतं? मला तर बोलता येत नाही.

मग चैत्रातला एक रविवार आला. किनाऱ्यावर केसरचा जवळा वाळत पडला होता आणि कावळे हाकायला माणूस नव्हतं. नलू एरवी तिथे घटकाभर बसायची नाही. केसरने तिला त्या सकाळी अख्खी गोळी दिली. पोर हातात काठी घेऊन भर उन्हात दुपारपर्यंत बसली. मग काठी गळाली आणि ती जवळ्यावरच आडवी झाली.

चुलत्याने तिला खांद्यावर टाकून दवाखान्यात आणलं, मागून केसर धावत आली. अंग तव्यासारखं तापलेलं, जीभ कोरडी, बाहुल्या ताणलेल्या. डॉक्टरांनी मला तिच्या छातीवर टेकवलं. मिनिटाला एकशे सत्तर ठोके! इतकं घाबरलेलं काळीज मी कधी ऐकलं नव्हतं.

"पाणी दिलं नाहीस?" डॉक्टर खेकसले.

"तिनं मागितलंच न्हाय. भाकर बी न्हाय. मला वाटलं, गुन आला."

"अर्धी सांगितली होती ना तुला!"

केसर ओला पदर नलूच्या कपाळावर दाबत होती. तिने मान वर केली. "सांगितली व्हती. पन तुमी नळी लावली व्हती का?"

डॉक्टर कामाला लागले. ओली फडकी, पंखा, घोटघोट पाणी, आणि दर पाच मिनिटांनी मी. दिवेलागणीला ठोके शंभराच्या खाली आले. नलूने डोळे उघडून विचारलं, "कावळ्यांनी जवळा खाल्ला?" केसर तेव्हा पहिल्यांदा रडली.

महिनाभर गोळी बंद होती. मग पुन्हा अर्धी, फक्त शाळेच्या दिवशी, आणि दर सोमवारी मी तिच्या छातीवर. आता डॉक्टर औषध लिहायला कागद पुढे ओढतात तेव्हा कोळवाड्यातली कोणतीही आई त्यावर हात ठेवते आणि म्हणते, "आदी नळी."

माझं रबर आता चिरलं आहे. मित्रांनो, मला जपू नका. तुमचे झेंडू तुमच्यापाशी ठेवा. माझी चकती घामाने मळू द्या. ती चकचकीत दिसली, तर समजा की दवाखान्यातून कुणाचीतरी नलू छाती न ऐकताच परत पाठवली.