उसाच्या जागी कोड

"कारखान्याच्या नियमात सगळं तयारच असतंय की!" असं म्हणत ऋषिराजनं मोठं काम अर्ध्या तासात उरकून टाकलं होतं.

कराडला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या ऋषिराजनं मित्रांबरोबर 'शिवार' नावाचं सॉफ्टवेअर केलं होतं. उपसा योजनेचं पाणी कुणाच्या रानात कधी येणार, हे शेतकऱ्याला मोबाईलवर कळवणारं. फुकट आणि खुलं! म्हणजे त्याचा कोड कुणीही बघावा, सुधारावा, आपल्या गावात वापरावा. गावोगावची माणसं त्यात काम करू लागली, तसं पाच जणांचं मंडळ निवडायचं ठरलं. पण निवडणुकीला उभं कुणी राहायचं? ऋषिराजनं साखर कारखान्याच्या सभासदांचा नियम घेतला आणि 'ऊस' होतं तिथं 'कोड' लिहिलं. तीन वर्षं ज्यानं कोड घातलाय, तोच उमेदवार!

रविवारी सकाळी औंधच्या मायाताई दारात हजर. त्यांचा उमेदवारीचा अर्ज नामंजूर झाला होता.

"दोनशे चौदा चुका कुणी शोधून दिल्या रं?"

"तुमीच, ताई."

"मराठीत माहिती कुणी लिवली? लोकांचं फोन कोण घेतंय?"

"तुमीच. पण कोडची एक तरी ओळ लिवलीय का?"

"न्हाई लिवली. पण 'शिवार'च्या नव्या आवृत्तीतनं तुमी एसएमएस काढून टाकताय. बटनाच्या फोनवाल्यांनी पाणी कवा येणार ते कसं वळखायचं? मंडळात त्यांच्या बाजूनं कोण बोलणार?"

"नियम सगळ्यास्नी सारखाच हाय, ताई."

चहा घेऊन आलेली आई, हरणाबाई, तिथंच थांबली. "कसला नियम?"

ऋषिराजनं ऐटीत सांगितला. हरणाबाई हसली.

"व्हय की, कारखान्यागतच! उसाची लागण मी करती, खुरपती मी. आन् सभासद कोण? सातबाऱ्यावर नाव हाय त्ये तुझं आबा. आईला सभेला का न्हेत न्हाई म्हणून ल्हानपणी तूच लय भांडायचास!"

ऋषिराजचा चेहरा उतरला. "पण आई, उद्या काम न केलेलाबी उभा ऱ्हाईल."

"त्यानं न्हाईच ऱ्हायचं! पर काम कशाला म्हणायचं, ह्ये तू एकट्यानं ठरवू नगंस लेका."

ऋषिराजला शिवारचा पहिला महिना आठवला. एकाच वेळी दोघांना पाणी दाखवलं होतं आणि बांधावर हाणामारीची वेळ आली होती. कोड त्याचा होता. पण भांडण सोडवून चूक कळवणाऱ्या मायाताई होत्या!

"चुकलं माझं, ताई!" त्यानं तिथंच लॅपटॉप उघडला. चुका शोधणं, माहिती लिहिणं, लोकांना शिकवणं, कोड लिहिणं, यातलं कुठलंही काम वर्षभर केलेला माणूस उभा राहू शकेल, असा नवा नियम त्यानं सगळ्यांपुढं मांडला.

त्याचा मित्र शिवतेज भडकला. "कोड न कळणारी माणसं आपल्याला शिकवणार व्हय?"

"कोड न्हाई गड्या, पाणी शिकवतील!" ऋषिराज म्हणाला.

तीन दिवस वाद झाला. मग मतदान. नियम एकतीस विरुद्ध बावीस मतांनी बदलला! मग झालेल्या निवडणुकीत मायाताई चौथ्या क्रमांकावर निवडून आल्या आणि मंडळाचा पहिला निर्णय झाला: एसएमएस राहणार.

मित्रमैत्रिणींनो, मंडळ असो, सोसायटी असो, नाहीतर आपल्या शाळेतली समिती, नियम करणारे बहुतेक वेळा स्वतःच्याच मापाचा दरवाजा करतात. कारभार करायला पात्र कोण? ज्यानं त्या कामासाठी मनापासून घाम गाळलाय, तो प्रत्येक जण! म्हणून नियम लिहून झाला की जरा बाहेर डोकावून बघा. राबणारं कुणी दाराबाहेरच तर उभं नाही ना?