एकादशीचं रक्त

सत्यवतीने काचेची बशी खिडकीच्या उजेडात धरली आणि हळूच तिरकी केली. बशीतला अगारचा थर स्वच्छ होता, इतका की तिला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. मधल्या भोकात सशाच्या रक्ताची निवळ, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी, भोवतीच्या भोकांत रोग्यांची आणि नाळेतल्या रक्ताची. दोन्ही पाझरत एकमेकांना भेटल्या की मध्ये पांढरी रेघ उमटायला हवी. आधी ती नीट उमटत असे; या महिन्याभरात मात्र ही तिसरी बशी कोरी निघाली होती.

ती रेघ ज्या प्रथिनाची, ते पोटातल्या बाळाच्या रक्तात असतं आणि जन्मानंतर नाहीसं होतं. यकृताच्या कर्करोगात ते मोठ्या माणसात परत येतं, असं रशियातून छापून आल्याला चार वर्षं झाली होती. म्हणून बंगळूरच्या या प्रयोगशाळेत सशांना नाळेतलं रक्त टोचत. ससा बिचारा माणसाच्या सगळ्याच प्रथिनांना धरायला शिके, प्रत्येकासाठी त्याच्या रक्तात वेगळा वैरी तयार होई. मग त्याच्या निवळीत निरोगी माणसाची निवळ मिसळायची. नेहमीच्या प्रथिनांना धरणारे सगळे तिथेच गुंतून पडत, आणि उरे तो त्या एकाच प्रथिनाचा वैरी.

निरोगी माणूस म्हणजे सत्यवतीचे सासरे, भीमाचार्य. जेवलेल्या माणसाची निवळ गढूळ येते. भीमाचार्य दशमीला एकदाच जेवत आणि एकादशीला पाण्याचा थेंब घेत नसत, त्यामुळे त्यांची निवळ आरपार दिसे. वर्षभर ती महिन्यातल्या एका एकादशीला सकाळी त्यांच्या हातातून रक्त काढून बसवनगुडीच्या घरून बसने कामावर नेत होती. नोंदवहीत ते ‘निरोगी – १’ होते. ही गोष्ट मठातल्या एकूण एक माणसाला त्यांनी सांगून झाली होती.

प्रयोगशाळेचे प्रमुख नरसिंहराव यांनी ससा बदलायला सांगितलं. सशावर खापर फोडणं सोपं होतं, तो काही बोलणार नव्हता. सत्यवतीला मात्र एकदा शेवटचं करून पाहायचं होतं, आणि सासऱ्यांच्या निवळीची बाटली तर तळाला गेलेली. एकादशीला अजून चार दिवस होते. तिने सोबत काम करणाऱ्या कावेरीपुढे रक्त काढायला स्वतःचाच हात केला. सकाळी उप्पीट खाल्लेलं होतं, निवळ गढूळ आली. तीच तिने त्याच सशाच्या निवळीत मिसळली.

दुसऱ्या दिवशी रेघ उमटली होती. नाळेच्या रक्तापुढे उमटली आणि रोग्याच्या रक्तापुढेही.

"ससा निर्दोष सुटला, अक्का," कावेरी म्हणाली.

सत्यवती स्टुलावर बसली. ससा तोच होता, अगार तोच, काम करणारा हात तिचाच. बदलला होता तो फक्त निरोगी माणूस. कुंपणानेच शेत खाल्लं होतं. तो एकच वैरी जे धरायचा, तेच कोणीतरी त्याला बाटलीतच खाऊ घातलं होतं. तिने बाटलीच्या तळाशी उरलेला थेंब ओढून घेतला आणि नव्या बशीत, नाळेच्या रक्ताशेजारच्या भोकात सोडला.

सकाळी त्या थेंबापुढे रेघ होती. नाळेच्या रेघेला ती मध्ये कुठेही न तुटता जाऊन मिळाली होती, म्हणजे प्रथिन तेच.

हा रोगी कुठला, असं नरसिंहरावांनी विचारलं.

"निरोगी एक," ती म्हणाली.

त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. सर्जनला विचारतो म्हणाले, पण आवाजात दम नव्हता. घरी जाताना तिला द्वादशीची पानं आठवली. दोन महिने सासरे पारण्याचा अर्धा भात पानात टाकून उठत होते. सासूबाई, विमलाबाई, शेजारणींना कौतुकाने सांगत की यांना आता अन्नाची वासनाच उरली नाही, वैराग्य आलं. तेव्हा सत्यवतीनेही मान डोलावली होती. त्या मान डोलावण्याची तिला आता फार लाज वाटली.

एकादशीला सकाळी भीमाचार्य नेहमीसारखे पाटावर बसले आणि त्यांनी हात पुढे केला. दंडावरच्या गोपीचंदनाच्या मुद्रा ओल्या होत्या. दंड केवढा बारीक झाला होता, ते तिला आज दिसलं.

"ह्या खेपेला स्वल्प जास्तच घे गं," ते म्हणाले. "तुझी बाटली संपली म्हणत होतीस."

तिच्या हातात सुई नव्हती. तिने दुधाचा पेला त्यांच्यापुढे ठेवला.

"मामंजी, आज दूध घ्या."

त्या घरात एकादशीला त्यांच्यापुढे आजवर कोणी पेला ठेवला नव्हता. भीमाचार्यांनी आधी दुधाकडे पाहिलं, मग तिच्या रिकाम्या हातांकडे. ते रागावतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी पुढे केलेला हात सावकाश मागे घेतला आणि उपरण्याखाली झाकला. आत विमलाबाई देवाची उपकरणी घासत होत्या.

"सरी, समजलं," ते म्हणाले. पेला त्यांनी दोन बोटांनी तिच्याकडे परत सरकवला.

"तुझ्या सासूला यातलं काही बोलू नकोस. तिला वैराग्यच वाटू दे."